सरासरी माणूस कोणत्या डब्यात बसतो?

२६ जुलै २०१९ ची रात्र. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर ओलांडून वांगणीच्या अलीकडे थांबली ती थांबलीच. उल्हास नदी रुळांवर आली होती. गाडीत सुमारे १,०५० प्रवासी होते. दुसऱ्या दिवशी रबरी होड्या घेऊन बचाव पथकं पोचली आणि दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर आले.

बदलापूरकरांना ही गोष्ट पाठ आहे. तिच्या पुढची गोष्ट मात्र कुणी फारशी विचारत नाही. गाडी एक, पाणी एक, अडकून पडण्याचे तासही तेवढेच. तरीही पुढच्या पावसाळ्यात त्यांतला एखादा प्रवासी आभाळ भरून आलं की तिकीट रद्द करत असेल, आणि त्याच्या समोरच्या बर्थवरचा दुसरा तीच रात्र मित्रांना रंगवून सांगत असेल. प्रसंग एकच, मग मनांची वाट वेगळी का?

मानसिक आरोग्याच्या संशोधनात या फरकाकडे बराच काळ अडचण म्हणून पाहिलं गेलं. सरासरी काढायची आणि उरलेल्या कमीजास्तीला ‘चूक’ म्हणून बाजूला सारायचं, अशी रीत होती. आता संख्याशास्त्रज्ञ याच उरलेल्या भागात शिरू लागले आहेत. ते नेमकं काय करतात, हे समजून घ्यायला उल्हासनगरच्या एखाद्या टेलर मास्तरांच्या दुकानात डोकावलेलं बरं.

फ्री साईजचं दुखणं

उल्हासनगरात कपडा दोन तऱ्हांनी मिळतो. एक, कारखान्यातून गठ्ठ्यांनी निघणारा तयार माल. दुसरा, मास्तरांनी टेप लावून, वहीत माप उतरवून शिवलेला. सरासरी म्हणजे फ्री साईजचा सदरा. तो सगळ्यांसाठी असतो, आणि नीट बसतो मोजक्यांनाच.

समजा, दहा उदास माणसांना एक उपचार दिला आणि त्यांच्या उदासीचा आकडा सरासरी ४ ने उतरला. छान. पण आत डोकावलं तर दिसतं की पाच जणांचा आकडा ८ ने उतरला आणि बाकी पाच जणांचा हललाच नाही. सरासरी ४ च येते. ४ ने उतरलेला माणूस मात्र त्या दहांत एकही नाही.

म्हणून सरासरी टाकाऊ ठरत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. १२ राज्यांतल्या सुमारे ३४,८०० प्रौढांशी बोलून निष्कर्ष निघाला की १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. डॉक्टर किती लागतील, औषधांवर खर्च किती धरावा, हे ठरवायला असाच आकडा हवा. (त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हेही ध्यानात ठेवलेलं बरं.) पण अंबरनाथमधल्या एखाद्या बाईंनी ‘मग माझं काय?’ असं विचारलं, तर १०.६ हे त्याचं उत्तर नव्हे. त्यांचं वय, झोप, कर्ज, घरातलं आजारपण, मागच्या वर्षीची त्यांची स्थिती, यांतलं काहीच त्या आकड्यात उतरलेलं नसतं.

बारा म्हणजे किती?

माप घ्यायचं तर टेप हवी. नैराश्यासाठी जगभर वापरली जाणारी एक टेप म्हणजे पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही का, उदास वाटलं का, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थपणा, मरणाचे विचार. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, म्हणजे बेरीज ० ते २७. १० किंवा त्याहून जास्त आले तर नीट तपासणी करावी, असा ढोबळ संकेत.

आता दोघांचे गुण पाहू. पहिला अंबरनाथच्या एमआयडीसीत रात्रपाळी करतो. झोप ३, थकवा ३, भूक ३, लक्ष न लागणं ३. बेरीज १२. दुसऱ्याचे गुण असे: रस नाही ३, उदासी ३, स्वतःबद्दल वाईट वाटणं ३, मरणाचे विचार ३. बेरीज पुन्हा १२. पहिल्याची कदाचित पाळी बदलायला हवी. दुसऱ्याला त्याच दिवशी मदत मिळायला हवी. कागदावर मात्र दोघे जुळे भाऊ.

निदानातही हेच घडतं. प्रचलित निकषांनुसार नऊ लक्षणांपैकी किमान पाच हवीत आणि त्यांत ‘उदासी’ किंवा ‘रस नसणं’ यांपैकी एक तरी हवं. हे गणित मांडलं तर लक्षणांच्या २२७ वेगवेगळ्या जुळण्या होतात आणि त्या सगळ्यांचं नाव एकच, ‘नैराश्य’. हा नुसता कागदी हिशेब नाही. आईको फ्रीड आणि रँडॉल्फ नेसी यांनी २०१५ मध्ये एका मोठ्या अमेरिकी उपचार-चाचणीतल्या ३,७०३ रुग्णांची लक्षणं तपासली, तेव्हा त्यांना १,०३० निरनिराळे नमुने सापडले.

मास्तरांची घाई

फरकाचेही दोन प्रकार असतात, आणि ते एकमेकांत मिसळले की भलताच निष्कर्ष निघतो.

दहा शिंप्यांची तुलना केली तर जो भराभर शिवतो त्याच्या चुका कमी निघतील, कारण तो मुरलेला आहे. यावरून ‘भराभर शिवा, चुका कमी होतील’ असा सल्ला दिला तर? त्याच मुरलेल्या मास्तरांनी दिवाळीच्या आदल्या दिवशी नेहमीपेक्षा घाई केली की काज वाकडं होतं. माणसामाणसांत वेग वाढतो तशा चुका घटतात. एकाच माणसात वेग वाढतो तशा चुका वाढतात. दोन्ही खरं आहे. दिशा मात्र उलट.

मनाच्या बाबतीत ही गल्लत फार सहज होते. समुपदेशकाकडे जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या लोकांची तुलना केली, तर जाणाऱ्यांमध्ये त्रास जास्त दिसेल. साहजिक आहे, त्रास आहे म्हणूनच ते जातात. पण त्यांतल्या एकेका माणसाला काही महिने पाहिलं, तर गेल्यानंतर त्याचा त्रास उतरत असेल. पहिली तुलना दोन माणसांची, दुसरी एकाच माणसाच्या दोन काळांची.

म्हणून आताचे अभ्यासक एकाच व्यक्तीला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारतात. कधी दर पंधरवड्याला, कधी फोनवर दिवसातून चार-पाच वेळा: आत्ता कसं वाटतंय? कोणासोबत आहात? रात्री किती झोपलात? मग प्रत्येक उत्तराचे दोन भाग पाडतात, त्या व्यक्तीची नेहमीची पातळी आणि आजचा चढउतार. बदलापूरहून मुंबईला रोज दीडेक तास प्रवास करणारे लोक जास्त चिडचिडे असतात का, हा एक प्रश्न. त्यांतलीच एखादी बाई, ज्या दिवशी गाडी रखडते त्या दिवशी जास्त चिडते का, हा दुसरा. उत्तरं वेगळी निघू शकतात, आणि उपायही.

प्रत्येकाची आपली रेघ

अशा नोंदी हाती आल्या की त्यांचं ‘मॉडेल’ बांधतात. मॉडेल म्हणजे काय घडत असावं याचं गणितात मांडलेलं कच्चं चित्र. इथे जे मॉडेल वापरतात त्याला बहुस्तरीय मॉडेल म्हणतात. नाव जड आहे, कल्पना साधी:

आजचा आकडा = सगळ्यांची सरासरी + या व्यक्तीचा नेहमीचा फरक + आजच्या दिवसाची कमीजास्ती.

कागदावर आडवे महिने आणि उभे गुण मांडले, तर प्रत्येक माणसाची एक रेघ निघते. तिच्या दोन गोष्टी पाहायच्या. ती कुठून सुरू होते, म्हणजे त्रास मुळात किती होता. आणि तिचा उतार कसा आहे, म्हणजे तो किती वेगानं कमी होतो आहे की वाढतो आहे. सगळ्या रेघांच्या मधून एक जाड रेघ जाते ती सरासरी. जुनं संशोधन ती जाड रेघ छापून थांबायचं. नवं मॉडेल विचारतं, बारीक रेघा जाड रेघेभोवती किती पसरल्या आहेत? पसारा थोडा असेल तर एकच उपचार बहुतेकांना चालेल. पसारा मोठा असेल तर जाड रेघेवर विसंबण्यात धोका आहे.

चुळबुळ्या पोराचं माप

आता या मॉडेलची सगळ्यात शहाणी खुबी. मास्तरांकडे एक चुळबुळं पोर आलं. कशीबशी एकदा टेप लागली आणि कंबर भलतीच मोठी आली. कच्चा शिंपी तेवढीच लिहून घेतो. अनुभवी मास्तर मनात म्हणतात, ‘या वयाच्या पोरांची कंबर सहसा एवढी नसते, हे हललंय.’ ते वहीत थोडं कमी माप लिहितात. मात्र चार वेळा टेप लावून चारही वेळा तेवढीच कंबर आली, तर ते आपला अंदाज सोडून टेपवर विश्वास ठेवतात.

मॉडेल नेमकं हेच करतं. समजा, एका गटाची सरासरी ९ आहे आणि एका व्यक्तीचे पहिल्याच पंधरवड्यात २१ गुण आले. समजा, माणसामाणसांतली कमीजास्ती आणि एका माणसाची दर वेळची कमीजास्ती सारखीच आहे. तर एकच नोंद असताना मॉडेल ९ ते २१ या अंतराचं निम्मंच मान्य करतं आणि तिची खरी पातळी सुमारे १५ धरतं. चार नोंदींची सरासरी २१ आली, तर पाचातले चार हिस्से मान्य, म्हणजे १८.६. सोळा नोंदी झाल्या की सतरातले सोळा हिस्से, म्हणजे जवळजवळ २०.३. नोंदी वाढतील तसा माणूस गर्दीतून सुटा होत जातो.

इथे एक गंमत आहे. एकट्या माणसाला नीट ओळखायचं, तरी सुरुवातीला गर्दीचीच मदत घ्यावी लागते. हजार पोरांना टेप लावली म्हणून मास्तरांना हे एक पोर कळतं.

याच सूत्रातून एक जुना चकवाही उलगडतो. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये दाखवलं की फार उंच आईबापांची मुलं उंच असली तरी बहुधा त्यांच्याइतकी नसतात. ती सरासरीकडे सरकलेली दिसतात. त्रासाचंही तसंच. माणूस डॉक्टरकडे जातो तो त्याच्या सगळ्यात वाईट आठवड्यात. पुढच्या वेळी आकडा थोडा उतरलेला दिसणं मग साहजिकच. त्याचं श्रेय गोळीला द्या, काढ्याला द्या की अंगाऱ्याला, सगळेच ते घ्यायला तयार असतात.

गोव्यातले चौघे

हा चकवा कसा टाळायचा आणि तरीही काय उरतं, याचं आपल्या शेजारचं उदाहरण गोव्यातलं आहे. ‘संगथ’ या संस्थेनं तिथे एक चाचणी केली. तिचा अहवाल २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला केंद्रातली नेहमीची काळजी थोडी सुधारून दिली. दुसऱ्याला तिच्याबरोबर सहा ते आठ भेटी मिळाल्या. भेटणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे स्थानिक लोक होते. सुटून गेलेली, बरं वाटायला लावणारी कामं आणि माणसं पुन्हा दिवसात आणायची, हा त्या भेटींचा गाभा.

तीन महिन्यांनी भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचे गुण पीएचक्यू-९ वर १० च्या खाली आले. नुसती काळजी मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. तुलनेचा गट नसता तर सगळ्या ६४ टक्क्यांचं श्रेय भेटींना गेलं असतं. आता कळतं की भेटींची कमाई २५ टक्क्यांची, म्हणजे चौघांना भेटलं तर त्यांत एक जास्तीचा सावरतो. इतक्या कमी खर्चात ही कमाई मोठीच आहे.

पण चौघांतला तो एक कोण? भेटी मिळालेल्या शंभर जणांकडे पाहा. ढोबळ हिशेबानं ३९ जण तसेही सावरले असते, २५ भेटींमुळे सावरले, ३६ अजून अडकलेले आहेत. सावरलेल्या ६४ जणांना रांगेत उभं केलं तर त्यांतले २५ कोणते, हे चाचणी सांगू शकत नाही. कारण एकाच माणसाला त्याच तीन महिन्यांत भेटी देऊन आणि न देऊन पाहता येत नाही. म्हणून ‘ज्याला त्याला त्याचा उपचार’ अशी जाहिरात वाचली की विचारावं: हे कळण्याइतक्या वेळा या माणसाला मोजलंय का? एकदाच मोजलं असेल, तर उपचाराचा फरक आणि त्या दिवसाची कमीजास्ती वेगळी करता येत नाही.

किती साईज शिवायच्या?

प्रत्येकाला वेगळं माप आणि सगळ्यांना एक माप, यांच्यामध्ये एक वाट आहे: स्मॉल, मीडियम, लार्ज. पुरातल्या गाडीचं कोडं इथे पुन्हा येतं.

मोठा आघात सोसलेल्या लोकांच्या रेघा वर्ष-दोन वर्षं काढल्या, तर त्यांचे काही घोळके दिसतात. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉर्ज बोनॅनो यांनी असे चार मार्ग सांगितले. काहींचा त्रास सुरुवातीपासूनच थोडा राहतो. काहींचा आधी वाढतो, मग उतरतो. काहींचा वर जाऊन तिथेच थांबतो. आणि काही जण सुरुवातीला ठीक दिसतात, पण पुढे ढासळतात. २०१८ मध्ये अशा ५४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश लोक पहिल्या मार्गावर दिसले. मोठ्या संकटानंतर बहुतेक माणसं तगून राहतात ही दिलासा देणारी गोष्ट. आणि एका बैठकीत ‘मी बरा आहे’ म्हणालेला चौथ्या मार्गावरचा असू शकतो, ही सावध करणारी.

हे घोळके संगणक शोधतो तो घाऊक व्यापाऱ्यासारखा. हजार ग्राहकांची मापं त्याच्यासमोर आहेत, साईज ठरलेल्या नाहीत. तो तीन साईज करून पाहतो, चार करून पाहतो. कमीत कमी साईजमध्ये जास्तीत जास्त लोक नीट बसले की थांबतो. अडचण अशी की चार साईज मागितल्या तर चार मिळतातच. याचा अर्थ माणसं निसर्गतः चार जातींत जन्मली असा नव्हे. मीडियम आणि लार्जच्या मध्ये बसणारे लोक असतातच. घोळके सोयीसाठी असतात. कुणाच्या कपाळावर शिक्का मारण्यासाठी नसतात.

टेप ताणली जाते तेव्हा

उरला प्रश्न टेपचाच. उल्हासनगर हे फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांचं गाव. कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत ती उतरली आणि ८ ऑगस्ट १९४९ ला त्या वस्तीला हे नाव मिळालं. आजही इथल्या एकाच गल्लीत सिंधी, मराठी, हिंदी ऐकू येते. एकच प्रश्नावली तिन्ही भाषांत नेली तर ती तिन्हीकडे तेच मोजते का?

मराठी माणूस ‘मला नैराश्य आलंय’ क्वचित म्हणतो. तो म्हणतो, ‘कशात मन लागत नाही’, ‘जीव घाबरा होतो’, ‘अंगात त्राणच नाही’. एखाद्या भाषेत थकव्याचा प्रश्न पटकन ‘हो’ म्हणण्यासारखा असेल आणि उदासीचा लाज वाटण्यासारखा, तर दोन समाजांच्या आकड्यांतला फरक मनांचा नसून टेपचा असेल. म्हणून अभ्यासक आधी तपासतात: एकूण त्रास सारखाच असलेली दोन भाषांतली माणसं एखाद्या प्रश्नाला वेगळं उत्तर देतात का? देत असतील तर तो प्रश्न बदलायचा किंवा त्याचं वजन बदलायचं. वरच्या रात्रपाळीच्या कामगाराचंही तेच. त्याच्या बाबतीत झोपेचा प्रश्न नैराश्यापेक्षा कारखान्याचा भोंगाच जास्त मोजतो.

चौकट: थोडक्यात

- सरासरी गटाचं वर्णन करते. ती कुणा एकाचं भाकीत नाही.
- बेरीज सारखी आली तरी लक्षणं वेगळी असू शकतात. बेरजेच्या आत पाहावं.
- दोन माणसांतला फरक आणि एकाच माणसातला चढउतार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
- एका नोंदीवर भरवसा कमी. नोंदी वाढल्या की माणूस स्पष्ट दिसतो.
- उपचारानं बरं वाटलं की आपोआप, हे तुलनेचा गट नसेल तर कळत नाही.
- गट सोयीचे असतात आणि टेप प्रत्येक भाषेत तपासून घ्यावी लागते.

मापाची वही

या सगळ्याचा आपल्याला घरच्या घरी एक उपयोग आहे. मन बरं नसेल तर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, दोन ओळी लिहून ठेवाव्यात: झोप कशी, भूक कशी, कशात मन लागलं, काय टाळलं. डॉक्टरांसमोर बसल्यावर आपल्याला आठवतो तो फक्त कालचा दिवस. वही मागचे तीन महिने सांगते. त्रास सहन होत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर वही भरण्याची वाट न पाहता टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही मोफत सेवा आहे.

जुनं गिऱ्हाईक दुकानात आलं की मास्तर आधी टेप काढत नाहीत, वही काढतात. मागच्या दिवाळीचं पान उघडतात, मग टेप लावतात आणि म्हणतात, ‘कंबर अर्धा इंच वाढली की हो.’ वाढली ती बाजारातल्या मीडियम साईजच्या तुलनेत नव्हे. त्या गिऱ्हाइकाच्याच मागच्या वर्षीच्या कमरेच्या तुलनेत.